दुर्लक्षाचा तास

सोमवार, ३ तारीख
आले एकदाची या कानांच्या उपचारकेंद्रात! खोली ऐसपैस, खिडकीत ऊन, गादी घरच्यापेक्षा मऊ. छापखान्यात तीस वर्षं यंत्रांशेजारी काढली, त्यांनी कानात ही शिट्टी आंदण दिली. इथल्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, कान बरा होत नसतो, मनाला वळण लावायचं. पडद्यावर निळा ठिपका दिसला की बटण दाबायचं, बाकी सगळं सोडून द्यायचं. रोज तासभर, बंद खोलीत, एकटीनं. कारण त्या तासात जे कानावर पडेल ते मन कचरा समजून टाकतं. म्हटलं, बघूच कोण हटतं, शिट्टी की मी.

शुक्रवार, ७
शिट्टी मागे सरली. लेकीचा फोन नेमका सरावाच्या वेळी येतो, नोकरीतून तिला तेवढीच सवड. स्पीकर लावते, ती बोलते, मी हूं हूं करत ठिपके टिपते. एका दगडात दोन पक्षी. बाईंना सांगितलं नाही, उगाच फाटे फोडतील.

बुधवार, १२
शिट्टी गेली! पण फोन बिघडलाय. लेकीचा आवाजच येत नाही. शेजारच्या खोलीतल्या मास्तरांना दिला, तर ते मजेत गप्पा मारत बसले. म्हणाले, आवाज खणखणीत आहे.

गुरुवार, १३
बाईंना खरं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.
"तुम्ही तिलाच सोडायला शिकलात," म्हणाल्या.
शिकवलंत तसं विसरवा, मी म्हटलं. ते जमत नाही म्हणे, एकदा लागलेलं वळण मन आपणच पुढे नेतं. बरं. सराव बंद. शिट्टी जन्मभर वाजू दे, लेक मला हवी आहे. मीही कच्च्या गुरूची चेली नाही.

शनिवार, १५
लेक आली. ओठ हलतात, आवाज नाही. म्हटलं, लिहून दे. तिनं लिहिलं, मी वाचलं, दोघी हसलो. जमलं की!
मान वर केली तर तिचा चेहरा — नीट दिसेना —

रविवार, १६
समोर रिकामी खुर्ची. मास्तर म्हणतात, ती तिथंच बसली आहे, रडते आहे. तिनं लिहिलेला कागद कोरा दिसतो.
बटण आपटून फोडलं. बाई रागावल्या. रागावू देत.

सोमवार
तिचा हात आहे अजून. ऊब लागते. डाव्या हातानं घट्ट धरलाय, उजव्यानं लिहिते. बघतेच कोण सोडवतं. माझी लेक आहे ही. माझी —

दुपार. बोटं आवळून ठेवली आहेत — का ते — कुणाचा तरी हात —
कुणाचा का असेना, मी सोडणार ना—