कडक भाकरीचा अधिकार

प्रिय आत्या,

आनंदवार्ता! अस्मादिकांची डावी दाढ आज जुन्नरच्या दवाखान्यात मरणाच्या दारातून परतली. अर्धा जबडा अद्याप बधिर आहे, उरलेला हर्षाने स्वस्थ बसू देईना. ही वार्ता सर्वप्रथम तुझ्याखेरीज कोणास कळवावी?

दाढ महिनाभर ठणकत होती, तरी मी हलेना. कारण तूच! एकोणीसशे नव्वदच्या सुमारास घोडेगावच्या बाजारात, छत्रीखाली बसणाऱ्या त्या दंतोत्पाटनाचार्याने तुझी दाढ पकडीने उपटली, तेव्हा तुझे मस्तक धरण्याचे पुण्यकर्म माझ्याकडे होते. "आरं, दात काडतुया का मुंडकं?" तुझ्या या गर्जनेने तळेघरच्या एसटीतले प्रवासीसुद्धा माना वळवून पाहू लागले!

यथावकाश सगळेच दात गेले आणि कवळी आली. काय तिचा थाट! लग्नाला निघताना मुखी विराजमान, आणि पंगतीत पान वाढले की पदराआडून थेट डबीत!

"खाऊन झिजवू व्हय? लग्नकार्याची वस्तू हाय ती."

अगं, दात खाण्यासाठी असतात, हे तुला कोणालाच कसे पटवता आले नाही? नाचणीची कडक भाकरी तुझा जीव की प्राण. तीही अखेरपर्यंत दुधात कुस्करून खाल्लीस. तू गेलीस तेव्हाही कवळी डबीतच राहिली.

आणि आज? खुर्ची अलगद शयनावस्थेत गेली. दाढेचे अंतरंग संगणकाच्या पडद्यावर प्रकटले! तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, ही काढायची नाही, वाचवायची." आत्या, असे वाक्य तुझ्या कानी कधी पडले होते? आधी हिरडी बधिर करणारा फवारा, मग सुई. मी डोळे मिटून तुझीच गर्जना घशात सज्ज ठेवली.

"काका, मूठ सोडा."

"सुरू करताय?"

"आजचं झालं."

गर्जना संपूर्ण वाया गेली! त्या छत्रीपासून अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत केवढे हे युगांतर! दात उपटून घ्यायला थोडी थांबली असतीस, तर तुझ्याही चार दाढा वाचत्या ना गं?

पितृपक्षात तुझ्या पानावर आम्ही आजवर दुधात कुस्करलेलीच भाकरी वाढत आलो. यंदा वचन देतो, पुढच्या खेपेस डॉक्टरीणबाईंनी दाढेवर टोपी चढवली की कडक, खरपूस, अखंड भाकरी! अर्धी तुला, अर्धी मला, डाव्या बाजूने. शेजारी तुझी डबी उघडी ठेवीन. झिजली तर झिजू दे.

तुझा सदंत भाचा,
वसंत