सूर्यचुलीची बचत आणि आईचा चहा

इंदोरा, नागपूर
२३ एप्रिल १९८४

आदरणीय बळीराममामा,

तुम्हांला आणि मामींना आम्हा सर्वांचा मनापासून जयभीम. मामींचे गुडघे आता पायऱ्या चढू देतात का? इकडे आई, बाबा आणि ऊन, तिघंही ठणठणीत. (ऊन जरा जास्तच.)

घरातली पहिली पदवीधर म्हणून विज्ञान घरात आणणं मला माझं कर्तव्य वाटलं. शिकवणीच्या पैशांतून मी सूर्यचूल घेतली. काचेचं झाकण आणि वर आरसा असलेली ही पेटी. आत डाळ-तांदळाचे डबे ठेवून अंगणात उन्हात मांडायची. महिन्याचं निम्मं रॉकेल वाचेल, असा हिशेब मी बाबांना मांडून दाखवला. बाबा म्हणाले, "महिनाअखेर डब्यात रॉकेल दिसलं तर ठेवू, नाही तर विकू."

चूल उत्तम चालते, मामा. चुकला तो हिशेब. जाळाशिवाय वरण शिजतं म्हटल्यावर अख्खी गल्ली पाहायला लोटली. शेजारच्या भागीरथाकाकूंनी तर शिजलं का बघायला सारखं झाकण उघडलं (त्या दिवशी आम्ही तुरीची डाळ चावून खाल्ली). वर मलाच विचारतात, "खरं सांग वं पोरी, जाळ कुठी लपवला?" मी उष्णता समजावू लागते, तोवर आई चहासाठी स्टोव्ह पेटवते. आलेल्या माणसाला तसंच पाठवणं तिला जमत नाही. सूर्यचुलीत चहाला फार वेळ लागतो. (तेवढा थांबलेला पाहुणा जेवूनच जातो.) अशा रीतीने रॉकेलची बचत दाखवण्यातच रॉकेल संपत आलं.

पण एक गोष्ट माझ्या हिशेबात नव्हती. स्वयंपाकाच्या वेळी आई आता कडुनिंबाखाली बसते, बायांशी हसते. आजवर या वेळी मला स्टोव्हपुढे वाकलेली तिची पाठच दिसायची. आता चेहरा दिसतो. पहिल्या दिवशी बावरून म्हणाली, "मंग मी आता काय करू वं?" चूल गेली तर ती पुन्हा वाकेल, मामा.

तुमची भाची,
प्रेमिला

ता.क. बाबा रविवारी चूल विकणार आहेत. ते फक्त तुमचं ऐकतात. त्याआधी या. मात्र तुमच्या खाप्याहून, घरूनच चहा पिऊन निघा.

पुन्हा ता.क. पत्र आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "माहा भाऊ येईन अन् मी चहा नाई ठेवीन?" तेव्हा चहा खुशाल प्या. फक्त येताना दोन बाटल्या रॉकेल आणा आणि बाबांच्या नकळत डब्यात ओता. मी ते बचतीत धरलं आहे.