देवेशच्या सिनेमाची कच्ची प्रत

मी, सुकन्या पंढरी गायकवाड, वय ६८, निवृत्त शिक्षिका, राहणार निजामपुरा, भिवंडी. माझे डोके ठिकाणावर आहे. दबाव कोणाचा नाही. लाज आहे, आणि तिच्यापोटीच हे मृत्युपत्र लिहिते.

१. आईची शिवणाची मशीन वहिनी मंदाला. पेडल करकरते, तेल घालत जावे.

२. कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी निबंधाला बक्षीस मिळालेला शब्दकोश कोणालाच देऊ नये. त्याच इंग्रजीपायी पुढचे घडले.

३. माझा भाचा देवेश याने चार वर्षे राबून आपल्या गावच्या बोलीत सिनेमा केला. त्याच्या पडद्याखाली येणाऱ्या इंग्रजी ओळी तपासायला संकलक दीपेशने, माझ्या जुन्या विद्यार्थ्याने, मला कच्ची प्रत पाठवली. "टीचर, कोणाला देऊ नका हां." पण पडद्यावर माणसे माझ्या आजीसारखी 'न्हाय' म्हणत होती. मला राहवले नाही. घरच्या बायकांच्या ग्रुपवर टाकली. घरच्याच तर आहेत! मंदाने लिहिले, "ताई, लय रडले. आता थेटरला कशाला जायचं?"

आठवड्यात सिनेमा अनोळखी लोकांच्या मोबाइलवर होता. शुक्रवारी ठाण्यात लागला, पहिल्या खेळाला अकरा माणसे. सोमवारी उतरला.

फिरणाऱ्या प्रतीत मी तपासण्याआधीच्या चुका तशाच होत्या. म्हणजे ती दीपेशकडून गेली किंवा माझ्याकडून. देवेशने विचारले, "आत्या, तुझ्याकडून नाही ना?"

"छे रे!" मी म्हणाले.

ठपका दीपेशवर आला. त्याला पुन्हा कोणी सिनेमा दिला नाही. तो कशेळीच्या गोदामात पार्सले चढवतो. दिवाळीला अजून माझ्या पाया पडायला येतो, आणि मी त्याच्या हातावर करंजी ठेवते.

४. माझी राहती खोली दीपेशला. ही भरपाई नव्हे. तेवढी माझी ऐपत नाही.

५. माझ्या मृत्यूनंतर कलम ३ देवेशने दीपेशला वाचून दाखवावे.

देवेशला काही ठेवलेले नाही. ज्याला मिळणार त्याने साक्ष करू नये म्हणतात, आणि साक्षीला मला तोच हवा होता.

ता. क. सही करण्याआधी देवेशने सगळे वाचले. मग म्हणाला, "मेल्यावर सांगणार होतीस, आत्या?" म्हणून कलम ५ खोडले आहे. खाडाखोडीवर तिघांच्या सह्या आहेत. शेजारची मेघाली रिक्षा बघायला खाली गेली आहे. आम्ही कशेळीला, दीपेशकडे निघालो.

सही: सुकन्या पंढरी गायकवाड
साक्षीदार: १. देवेश गायकवाड २. मेघाली पाटील
भिवंडी, ९ मार्च २०२५