युनिटचा इतिहास लिहिणारा माणूस

बाबा, काल दुपारी एका माणसाचा फोन आला. तो म्हणाला, फौजेच्या हेरखात्यातल्या तुमच्या युनिटचा इतिहास लिहितोय. आवाज वयस्कर, बोलणं आपल्याकडचं, मला ताई म्हणत होता. तुमची कांद्याची गोष्ट त्याला ठाऊक होती. सीमेपलीकडच्या बाजारात कांदा एकाएकी मिळेनासा झाला, त्यावरून तिकडे नवी पलटण आल्याचं तुम्ही ओळखलं होतं. अंजनगावच्या भाजीवाल्याचा पोरगाच हे ओळखू शकतो, असं तुमचे साहेब म्हणाले होते. घरात तुम्ही ती एकदाच सांगितली. मला वाटलं, ज्याला ती माहीत आहे तो तुमचाच माणूस.

भाजी गॅसवरून उतरवून मी बोलत बसले. तुम्ही कसे चालायचात, काय खायचात, सगळं त्याने विचारलं. शेवटी म्हणाला, "नातूही फौजेत आहे म्हणे. राजस्थानात उन्हानं भाजून निघत असंल बिचारा." मी हसले. म्हटलं, "नाही हो, आता स्वेटर घालून झोपतो. मागच्याच आठवड्यात त्यांची सगळी पलटण वर पहाडात हलवली." तो म्हणाला, "असं का." उद्या पुन्हा फोन करतो म्हणाला आणि ठेवला.

भाजी परत गॅसवर ठेवताना चांदूर रेल्वेचा फलाट आठवला. मी लहान आहे. तुम्ही सुटीवर आलात, आपण नागपूरहून अकोल्याला चाललोय. तुम्ही पाणी भरायला उतरता. समोरच्या बाकावरचा माणूस मला म्हणतो, तुझे बाबा जहाजावर असतात ना? मी म्हणते, नाही, बर्फात. तुम्ही बाटली घेऊन दारात उभे आहात. घरी आई भाकरी थापत होती, तिथे मला समोर बसवलंत.

"त्यानं तुले इचारलं होतं?"

"नाई. पण तो चुकीचं बोलून राहिला होता."

"इचारते तो कच्चा. पक्का माणूस चुकीचं बोलते आन गप बसते. आपल्या लोकायले दुसऱ्याचं चुकीचं आयकवत नाई."

आई चुलीकडूनच म्हणाली, "पोरीले बी भरती करता का आता?" तुम्ही हसला नाहीत. युनिटचं अर्धं काम दुसऱ्याचं गुपित काढून घ्यायचं, अर्धं आपलं सांडू द्यायचं नाही, असं सांगितलंत. आणि सांडलंच तर लगेच सांगायचं. उशीर झाला की कोणीतरी मरतं.

मुलाचा फोन कालपासून लागत नाही. वर नेटवर्क नसतं, हे मला माहीत आहे. तरी दर थोड्या वेळाने लावते. गेटपाशी मोटरसायकल थांबली की खिडकीतून बघते आणि पडद्यामागे सरकते. मुलाच्या पलटणीच्या ऑफिसचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला आहे. तिथे कळवलं तर आईपायी त्याची चौकशी होईल. नाही कळवलं तर काय होईल, ते मला लिहवत नाही.

मी कळवणार आहे. कालच कळवायला हवं होतं. उशीर झाला तो नुसत्या भीतीनं नाही, बाबा. तुम्ही गेल्यापासून तुमच्याबद्दल इतकं कोणी विचारलं नव्हतं. आज सकाळपासून मी त्या माणसाच्या फोनचीही वाट बघते आहे.