नातवाचा गूळ

२१ जाने. २००१, रवि.
ओझरला जाऊन आलो. सासूबाईंना मी आत्याच म्हणते, पण आज त्या पक्क्या सासू झाल्या. गणपतीपुढं हात जोडून मोठ्यानं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलल्या, "यंदा नातू दे. त्याच्या वजनाइतका गूळ वाटीन." मनी अन् छकुली शेजारीच उभ्या. मनी विचारते, "आज्जे, माझा गूळ वाटला व्हता का?" आत्यांनी तिच्या हातावर खोबरं ठेवलं अन् पुढं ढकललं.
छकुलीच्या वेळी मरता मरता वाचले. डॉक्टरीणबाई तेव्हाच म्हणाल्या, तिसरं नको. ऑपरेशन करून टाकावं तर सिस्टर म्हणतात, अंगात रक्त नाही, आधी भरून येऊ दे. आणि तोवर काय? हे सगळं ह्यांना माहीत आहे. येताना वाटेत एक शब्द नाही. नवरा आहे की मैलाचा दगड!

२४ जाने., बुध.
हे गेले. मंचरहून कांद्याची गाडी गुजरातला, त्यावर दुसरे ड्रायव्हर म्हणून. आत्या चिडल्या, "बाळ्या, अवसेला घराभाईर पडतोस व्हय?" तर म्हणे, "कांदा अवस-पुनव बघत न्हाई आई, सडतो." कुठं, विचारलं तर "भुजच्या बाजूला." चार दिवस लागतील. जाताना माझ्याकडं बघून उगाच हसले. एरवी हसत नाहीत. बरोबर चादर घेतली, धोतर घेतलं. ट्रकवर धोतर कशाला? असो.

२६ जाने., शुक्र.
लिहावं की नको.
सकाळी शाळेत झेंडा. माझी अंगणवाडीची पोरं पुढच्या रांगेत, मी लिमलेटच्या गोळ्या वाटत होते. सरपंचांचं भाषण लांबलं, पोरं चुळबुळ करत होती. मला काही जाणवलं नाही. दुपारी हौसाबाईच्या टीव्हीपुढं अख्खी आळी जमलेली. गुजरातेत भूकंप. घरंच्या घरं झोपलीत. झेंड्याला निघालेली पोरं सुद्धा... आणि खाली नाव, भुज.
आता जो तो म्हणतोय आपल्याकडंही हललं. हौसाबाई म्हणते तिच्या मांडणीवरची भांडी वाजली. तिची भांडी एरवीही वाजतात.
आत्या टीव्हीसमोरून उठल्या त्या थेट चुलीपुढं जाऊन बसल्या. चूल पेटवली नाही. मी पण नाही.

२७ जाने., शनि.
एसटीडीच्या खोक्यात दोन तास. तिकडचे फोन लागत नाहीत. मंचरच्या मार्केटात लावला तर कांद्याची अशी कुठली गाडी गेल्याचं कुणालाच ठाऊक नाही. "ताई, रोज शंभर गाड्या जात्यात." रागानं रिसीव्हर आपटला. खोकेवाल्यानं उलट पाणी दिलं.
मनी विचारते पप्पा कधी येणार. मी म्हटलं, उद्या. छकुलीला काही कळत नाही, ती खेळतेय. तिचा राग आला आणि मग तिलाच कवटाळून बसले.
आत्यांच्या पोटात कालपासून घास नाही. म्हणाल्या, "उद्या गणेशजयंती. पहाटं ओझरला जाते. चालत. तू पोरींपाशी ऱ्हा."

२८ जाने., रवि.
आले!! आले आले आले.
दुपारी मनी फाट्याकडून ओरडत आली, "आई, पप्पा! घोडेगावच्या यष्टीतनं उतरलं!" मी अनवाणी धावले. रस्त्याच्या कडेनं येत होते, धोतर नेसलेले, पाय फाकवून, हळूहळू, काट्यावरनं चालल्यासारखे. मी आधी रडले. मग पाठीत गुद्दे घातले. मग परत रडले. चार माणसं जमली, "बाळासाहेब, लई लागलं का वो?" हे एवढंच म्हणाले, "वाचलो राव." त्यात सगळं आलं असं समजून लोक गप्प झाले.
संध्याकाळी आत्या आल्या. हे बाजेवर बसलेले. त्या जवळ गेल्या नाहीत, आधी तांब्याभर पाणी प्यायल्या. मग येऊन तोंड, डोकं, बरगड्या चाचपल्या, वासरू विकत घेताना बघतात तसं. मग मटकन खाली बसल्या आणि म्हणाल्या,
"मागणं बदलून आले रे. म्हनलं गणपतीला, नातू न्हाई दिलास तरी चालंल. ते मागणं मागं घेते. माझा बाळ्या तेवढा धाड."
ह्यांनी मान खाली घातली. थोबाडीत बसल्यासारखी. मला वाटलं, थकलेत.

२९ जाने., सोम.
आत्या घरोघर पेढे वाटायला गेल्या. मी शेकायला पाणी तापवलं. "दाखवा कुठं लागलंय."
"न्हाई लागलं."
"मग असं का चालताय?"
मग म्हणाले, "मी भुजला गेलोच न्हाई."
घोडेगावला होते. सरकारी दवाखान्यात. गुरुवारी नसबंदी करून घेतली!
जुन्नरला केली असती तर दिवस मावळायच्या आत पारावर बोंब झाली असती, म्हणून दुसरा तालुका गाठला. मग डोंगरात दगडूच्या घरी (ह्यांचा मिलिटरीतला दोस्त) पडून राहिले. भुजचं नाव का घेतलं? "लांबचं म्हनून." शनिवारी संध्याकाळी दगडूच्या रेडिओवर बातमी लागली तेव्हा भाकरीचा घास हातातच राहिला म्हणे. सकाळची पहिली यष्टी धरली. डॉक्टरनं आठवडाभर यष्टीत बसू नको म्हणून सांगितलं होतं.
"मला का नाही सांगितलं?"
"तू नको म्हनली असतीस."
म्हटलंच असतं. बायामाणसांचं ऑपरेशन असतं, गडीमाणसाच्या अंगातली ताकद जाते, हेच ऐकत मोठी झाले. आमच्या गावात एका तरी गड्यानं केलंय का? केलं असेल तर तोही भुजला गेला असेल!
हसू आलं. तोंडात पदर कोंबून हसले, मग रडू आलं. हे घाबरले, "तुला राग आलाय का?" कसला राग, मेल्या. हे मेले नाहीत, आणि आता मीही मरणार नाही. गेल्या तीन वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, भरदिवसा, दार उघडं असताना.
मग म्हणाले, "आईला सांगू?"
काय सांगणार? पोरासाठी म्हातारीनं नातू सोडला. आणि पोरगा घोडेगावला.

४ फेब्रु., रवि.
सत्कार! नको नको म्हणत असताना चावडीपुढं ह्यांना खुर्चीवर बसवलं. सरपंच म्हणतात, मृत्यूच्या दाढेतून परत आलेला आपला भाऊ. शाल, नारळ. भिंत कशी पडली, हे कसे ट्रकखाली घुसले, सगळं लोकांनीच रचलंय. ह्यांनी तोंड उघडलं नाही, त्याला लोक म्हणतात धसका घेतलाय. नंतर तिथंच भूकंपग्रस्तांसाठी कपडेलत्ते गोळा करत होते, हे उठले आणि शाल त्या ढिगावर ठेवली. टाळ्या पडल्या. ह्यांचे कान लाल.
घरी येऊन जेवले नाहीत. "तिकडं माणसं खरंच गाडली गेली गं. आन् मी हितं नारळ घिऊन बसलो." दोन घोंगड्या आणि बाजरीचं पोतं त्या ढिगात नेऊन टाकलं, तेव्हा कुठं भाकरी खाल्ली.

२५ फेब्रु., रवि.
ओझरला ह्यांची गुळाची तुला झाली. नवस बदलला तरी गूळ काही सुटला नाही. एका पारड्यात हे, एका पारड्यात ढेपा. ढेपा संपेनात. आत्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "नातू असता तर पाच किलोत भागलं असतं!" देवळातली माणसं हसली. हे पारड्यात बसून गणपतीकडं बघेनात.
मी बघितलं. म्हटलं, तू शब्दाला जागलास बाबा. नातू नाही, पोरगा परत. ठरलं तसं. फक्त आधी कुणी काय केलं, ते तुझ्यामाझ्यात.

१५ ऑगस्ट २००३, शुक्र.
झेंड्याहून आल्यावर हौसाबाईनं विषय काढलाच. "दोन पोरींवर कसं थांबायचं? सून अजून तरणी हाय." मी आत कांदा चिरत होते, सुरी थांबली.
आत्या म्हणाल्या, "गणपतीला शब्द दिलाय. देवाशी काय रोज नवा बाजार मांडू? तुझ्या तीन नातवांतला एक तरी तुला पाणी देतो का, ते बघ आधी."
हौसाबाई चहा न पिता गेली. मी आत्यांच्या चहात दूध जास्त घातलं. त्या म्हणाल्या, "लई गोड लागतोय आज." साखर तेवढीच होती.

२६ जाने. २००८, शनि.
मनी आठवीत. सरांनी सांगितलंय, भूकंपाच्या दिवशी घरातलं कोण कुठं होतं ते विचारा, सोमवारी वर्गात सांगायचं. तिचा बाप भुजहून वाचलेला, सगळ्या शाळेला ठाऊक. नकाशा घेऊन ओट्यावर बसली.
मला विचारलं. शाळेत, गोळ्या वाटत.
मग पप्पांना. "पप्पा, तुमी नेमकं कुठं व्हता? बोट ठेवा." ह्यांनी नकाशाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. कपाळावर घाम, थंडीच्या दिवसात. पोरीला खोटं कसं सांगायचं आणि खरं तरी कसं? तोंड उघडलं, "मनी, त्याचं असंय..."
तेवढ्यात आत्या, माझ्याशेजारी वाटाणे सोलत बसलेल्या, मान वर न करता म्हणाल्या, "तुझा बाप जिथं कुठं व्हता, तिथनं धड घरी आला. एवढंच सांग. बाकीचं सरांना काय करायचंय?"
मनी फुरंगटली. हे विहिरीवर गेले, जवळजवळ पळतच.
आम्ही दोघीच उरलो. आत्या सोलत होत्या. मग हळूच, वाटाण्यांशीच बोलल्यासारख्या,
"का गं, भुजची गाडी घोडेगावावरनं येती व्हय?"
माझ्या हातातली शेंग तशीच. वर बघितलं तर त्यांचं तोंड नेहमीसारखं. हसत होत्या की नव्हत्या, देव जाणे. मी काही बोलायच्या आत पाटी माझ्याकडं सरकवली.
"ने हे आत. आन् गणेशजयंतीला यंदा तू चल माझ्यासंगं. मला एकटीला आता चालवत न्हाई."
हो म्हटलं.