घासलेली झांज

ता. ७ फेब्रुवारी

सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार सवयीने लिहिलाय, मनापासून नाही. फोन करणार होतो, पण मी ओरडलो असतो आणि तू ठेवून दिला असतास.

माझी तिकडे राहिलेली पिशवी तू पाठवलीस, ती काल मिळाली. स्टुडिओत सगळ्यांसमोर चेन उघडली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाबांच्या ड्रमची झांज आरशासारखी लख्ख! कोणी सांगितले होते हे उपद्व्याप? अगं, ती काळी पडली होती म्हणून तर तसा आवाज द्यायची. काडी पडली की जाड, खालचा सूर निघायचा आणि लगेच विरायचा. आता टणटण करतेय, थांबायचं नावच नाही. भांड्यांच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं.

दुसरी वाजव म्हणशील. दुसरी आहे कुठे? बाकीचे ड्रमवाले भोवती ढीगभर झांजा टांगून बसतात. माझ्याकडे डावीकडे पायाने उघडझाप होणारी हाय-हॅटची जोडी आणि उजवीकडे ही एकटी. बाबा असेच वाजवायचे. २८ तारखेला माझ्या नावाचं पहिलं रेकॉर्डिंग आहे, आणि स्टुडिओच्या मालकाने मला घेतलंय तेच मुळी "वडिलांचाच आवाज आहे" म्हणून. आता त्याला काय सांगू, आमच्या ताईला घासायची हौस आली?

तुला घासायचंच असेल तर तुझी खिडक्या-दारं घास, नवरा घास, माझ्या वस्तूंना हात लावू नकोस.

कळावे. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायची सध्या गरज नाही.

तुझा,
ठोक्या


ता. ११ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद, तेही दातओठ खात.

आपल्या घरात आलेलं पत्र जेवताना सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतात, हे विसरलास की काय? मी नेहमीसारखं वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच परिच्छेदात माझा उद्धार सुरू. थांबणार होते, पण आई म्हणाली, वाच पुढे. नवरा घासायचा सल्ला आला तेव्हा तुझ्या मेहुण्यांना असा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं.

आता कान उघडे ठेवून ऐक. मी त्या झांजेला बोटही लावलेलं नाही. घासली आईने. भांड्यांची पेस्ट घेऊन दुपारभर मागच्या दारी बसली होती, मनगट सुजलंय तिचं. मला वाटलं, लेकाचे फोटो काढतील, वस्तू मळकट दिसू नये म्हणून करतेय. त्यातलं मला काय कळतंय? मी पिशवी बांधली आणि पाठवून दिली.

तू मात्र काही न विचारता आग पाखडलीस. आई सगळं ऐकून ताटावरून उठली. जनाची नाही तर मनाची तरी ठेव! आजच्या आज तिला लिही. माझी माफी मागायची राहिलीय ती वेगळी.

बाकी क्षेम. राग उतरला की लोभ कळवीन.

तुझी,
ताई


ता. १५ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न.

चुकलं माझं. तू केलंयस हे ठाऊक असतं तर असं लिहिलं नसतं. तुला तरी कसं कळणार, घासल्याने आवाज जातो ते? हेतू तुझा चांगलाच होता. पण आई, एकदा विचारायचं तरी! नुसतं एकदा!

मी मालकाला रेकॉर्डिंग रद्द करायला सांगणार आहे. बाबांचा आवाजच राहिला नाही, तर मी तिथे काय घेऊन बसू? ताईला म्हणावं, तुझीही माफी. मनगट शेकत जा.

तुझा लोभ आहे हे ठाऊक आहे, म्हणून जास्त लिहवत नाही.

तुझा,
ठोक्या


ता. १९ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
आशीर्वाद.

ताईकडून लिहून घेतलं असतं तर तिने शब्द मऊ केले असते. म्हणून दुखऱ्या हाताने मीच लिहितेय.

मला कसं कळणार म्हणतोस? अरे, ड्रमवाल्याशी संसार केलाय मी! लग्नानंतर पहिल्याच साफसफाईत फडकं घेऊन त्या झांजेजवळ गेले, तर तुझे बाबा अंगावर धावून आले. घासली की काय होतं ते तेव्हाच ऐकून घेतलंय. मी जाणूनबुजून घासली.

ते गेले आणि तू त्यांच्या स्टुलावर जाऊन बसलास. झांज त्यांची, हात त्यांचे, मानसुद्धा तशीच वाकडी. लोक म्हणायचे, हुबेहूब वडील! तू फुशारून जायचास आणि माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. आता पहिल्या रेकॉर्डिंगवर नाव तुझं आणि आवाज त्यांचा? गेलेल्या माणसाला किती राबवशील रे?

एकच झांज ठेवतो याचा फार तोरा आहे ना तुला? त्यांच्याकडेही ढीगभर होत्या. महिनोन् महिने वाजवून, वैतागून, माझं डोकं उठवून त्यांनी एकेक काढून टाकली. तू कोणती काढलीस? त्यांनी एक ठेवली म्हणून तू एक ठेवलीस, एवढंच तुझं कर्तृत्व.

टणटण करते तर करू दे. कुठे आवरायची, कुठे मोकळी सोडायची, ते तुझं तू शोध. नाहीच जमलं तर दुसरी आण, नाहीतर एकही ठेवू नकोस. पण रद्द केलंस तर माझ्याशी गाठ आहे. २८ तारखेला मी येतेय, ताई आणून सोडील. काचेपलीकडे माझ्यासाठी एक खुर्ची सांगून ठेव. तुझ्या बाबांना मी जन्मभर ऐकलं. तुला अजून एकदाही ऐकलेलं नाही.

लोभाचं मी वेगळं काय लिहू?

आई