कुजबुज वर काढणारं यंत्र

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त मनातल्या मनात).

तुमचा खोकला कसा आहे? मामींचा चष्मा सापडला का, आणि सापडला असल्यास कोणाच्या डोक्यावर? इकडे सगळे बरे आहेत. बरे म्हणजे नेमके कसे, ते हळूहळू येईलच. एकदम सांगितलं की तुमचा रक्तदाब चढतो, असं मामी म्हणतात, म्हणून कंप्रेसरपासून सुरुवात करतो.

कंप्रेसर म्हणजे तुमच्या फ्रीजमागे घुरघुरतो तो नव्हे. आमच्या रेडिओ केंद्रातला (शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, भिंतींना जाड रजया ठोकलेल्या) प्रत्येक आवाज बाहेर पडण्याआधी या यंत्रातून जातो. जो ओरडतो त्याला ते खांदा दाबून खाली बसवतं आणि जो पुटपुटतो त्याला हात धरून पुढे आणतं. थोडक्यात, एकत्र कुटुंबातली थोरली सून. आमची जुनी सून धूर सोडून निवर्तली आणि नवी शोधण्याचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं, कारण केंद्रात दुपारी जागा असणारा मी एकटाच.

अडचण होती ती दुपारच्या वाचनाची. तुम्हाला ठाऊकच आहे, लायब्ररीतून निवृत्त झाल्यापासून आपली मावशी रोज आमच्याकडे गोष्टी वाचते आणि व्हायोलिनमास्तर तिच्या आवाजाखाली सूर धरतात. मावशीचा आवाज अजूनही तसाच, शेजारी कोणीतरी अभ्यास करत असल्यासारखा. ती वाचू लागली की खिडकीतल्या उन्हातली धूळसुद्धा सावकाश पडते. अर्धं शटर ओढून बसलेले दुकानदार, दवाखान्यात खाटेवर पडलेली माणसं, सगळं गाव तिच्या आवाजावर पाठ टेकून तरंगत असतं.

पहिलं यंत्र आणलं ते खास बोलण्यासाठीचं. शब्द कसे लख्ख! पण त्याला व्हायोलिन म्हणजे गोंगाट वाटायचा. मावशी बोलली की सूर कपाटात कोंडल्यासारखे, ती थांबली की धाडकन दार उघडून बाहेर. (दवाखान्यातून निरोप आला, की दर वाक्यानंतर पेशंट दचकून बसतात.) दुसरं संगीतासाठीचं. ते इतकं सुस्त, की मावशीच्या वाक्यांची शेपटं गिळून टाकायचं. गोष्टीतली राणी रोज कुठेतरी निघायची, पण कुठे, ते गावाला कळायचं नाही. विक्रेता कंटाळून म्हणाला, "साहेब, बोलणं घ्या नाहीतर गाणं घ्या. दोन्ही सांभाळणारं माणूससुद्धा मिळत नाही." तरी जाता जाता त्याने तिसरं यंत्र ठेवलं. हे म्हणे आधी ऐकतं, मग ठरवतं.

मामा, ते खरंच ऐकायचं! सूर आणि शब्द एका पांघरुणात झोपल्यासारखे आले. फक्त दोघंही थांबले, की यंत्र शोधायला निघायचं आणि मिळेल ते वर काढायचं: पान उलटल्याची सळसळ, खालच्या शिलाई यंत्राची टकटक, साहेबांचं घोरणं. गावाला आपलीच दुपार रेडिओवर ऐकू यायला लागली. आवडली लोकांना. मी हेच यंत्र ठेवायचं ठरवलं.

आणि त्याच दिवशी मावशी पान उलटायला थांबली, मास्तरांनी व्हायोलिनचा गज खाली घेतला आणि त्यांची कुजबुज बातम्या सांगाव्यात इतक्या ठणठणीत आवाजात गावभर ऐकू आली, "एकट्या घरात मला आता करमत नाही. तू येतेस का कायमची?"

खालचं शिलाई यंत्र थांबलं. साहेब जागे झाले. मावशीने तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. फोन मात्र थांबेनात. राणीचं काय झालं, हे कोणी विचारेना. "बाई काय म्हणाल्या?" एवढंच. मास्तर येऊन नुसते व्हायोलिन पुसत बसायचे. मला यंत्र उचलून खिडकीबाहेर टाकावंसं वाटत होतं.

एका दुपारी जिन्यात तिची पावलं वाजली. ती मास्तरांकडे न बघता माझ्याकडे आली. "अरे, ते यंत्र तेच आहे ना?"

"बदलतो गं मावशी, आत्ता बदलतो."

"हात लावलास तर बघ." खुर्चीत बसून तिने गोष्ट जिथे सोडली होती तिथून उचलली, मास्तरांनी घाईघाईने सूर लावला, आणि पुढचं पान उलटताना ती अगदी श्वासाएवढ्या आवाजात म्हणाली, "येते."

खालून शिंपी टाळ्या वाजवत होता.

मामींना नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा (कंबर तशीच).

तुमचा भाचा

ता. क. मावशी म्हणते, थोरल्या भावाची संमती असल्याशिवाय मन लागणार नाही. तेव्हा रुसून न बसता होकार कळवावा, ही विनंती.

ता. क. २. वरचं मावशीने वाचलं. म्हणाली, "संमती नको मागूस, आशीर्वाद माग. दादा विचार करायला वर्ष घेतो." सह्या काल झाल्या, मामा. साक्षीदार मी.

ता. क. ३. खोकल्याला मध घ्या.